आरती भोईरची ओळख

“मी आरती भोईर. एसवायबीएला आहे. कल्याणजवळ मोहन्याला राहते. बाजारातल्या बायकांबद्दल लिहायला मला आवडतं.”

क्षिप्राने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग थांबवलं आणि पंखा परत लावला. लायब्ररीमागच्या त्या खोलीत सकाळपासून हेच चाललं होतं. कॉलेजच्या मुलींनी चालवलेल्या ‘झुळूक’ या ऑनलाइन मासिकाचं नवं पान उद्या उघडणार होतं. त्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकीचा फोटो असणार होता, आणि फोटोवर बोट ठेवलं की तिने स्वतःच्या आवाजात करून दिलेली ओळख ऐकू येणार होती. संपादक क्षिप्रा त्यासाठी डोंबिवलीहून लवकर आलेली. बाकीच्या मुली बोलून गेलेल्या. ही शेवटची.

“एका दमात झालं अगं,” क्षिप्रा म्हणाली. “मी उगाच टेन्शन घेतलेलं.”

टेन्शन घेण्याला कारण होतं. या मुलीचं खरं नाव प्राप्ती, आणि ती अडखळत बोलायची. कुठला शब्द कधी अडेल याचा नेम नसायचा. एकच शब्द हटकून अडायचा, तो म्हणजे तिचं स्वतःचं नाव. ‘प’साठी ओठ मिटले की ते उघडायचेच नाहीत. मान ताठ व्हायची, डोळे बंद व्हायचे, समोरचा माणूस चुळबुळ करायला लागायचा. शेवटी बरोबर आलेली आई नाव सांगून टाकायची. आई, मालू, कल्याणच्या बाजारात मासळी विकायची. तिचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा. शाळेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात लेकीच्या वतीने तीच बोलायची. मायेनेच बोलायची.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मॅडमनी नाव विचारलं तेव्हा आई बरोबर नव्हती. प्राप्तीच्या तोंडून ‘आरती’ निघालं. ‘आ’ला ओठ उघडेच असतात. आठवडाभर वर्गात ती आरती म्हणूनच बसली. मग हजेरी घेताना घोळ उघडा पडला आणि मुली हसल्या. पण युक्ती हाती लागली होती. ‘झुळूक’ला पहिला लेख दिला तेव्हा तिने खाली तेच नाव टाकलं. क्षिप्राला वाटलं, घरचे रागावतील म्हणून दुसरं नाव घेतलं असेल. प्राप्तीने तिला तसं वाटू दिलं.

लेख आईवरच होता. भावावरून हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला आई एका वाक्यात कशी गप्प करते, त्याबद्दल. गेल्या आठवड्यात मालूने तो शेजारी बसणाऱ्या कोळणींना मोबाइलवर दाखवला. माझ्या पोरीने लिवलंय, म्हणून सांगितलं. बायकांनी खालचं नाव वाचलं आणि विचारलं, ही आरती कोण? तुझ्या पोरीचं नाव तर प्राप्ती. मालूने परोपरीने सांगून पाहिलं. कुणाला पटलं नाही. घरी आल्यावर तिने हे हसत हसत सांगितलं. मग भांडी घासायला म्हणून मोरीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

क्षिप्राने रेकॉर्डिंग लावलं. आवाज स्वच्छ होता, कुठे खळ नव्हता. प्राप्तीने शेवटपर्यंत ऐकलं. तिच्या आवाजात कुणी दुसरीच मुलगी बोलत होती.

“हे पुसून टाक,” ती म्हणाली. “खऱ्या नावाने घेऊ.”

क्षिप्रा गोंधळली. इतकं चांगलं झालेलं कशाला पुसायचं, हे तिला कळेना. मग आरती हे नाव कशासाठी होतं ते तिच्या ध्यानात आलं, आणि ती हळू आवाजात म्हणाली की नावापुरतं मी बोलते, पुढचं तू बोल; दोन तुकडे जोडता येतात. प्राप्तीने नकारार्थी मान हलवली. उठून तिने स्वतः पंखा बंद केला.

पहिल्या वेळी ‘मी’ निघालं आणि ओठ मिटले. मिटलेलेच राहिले. कानशिलं तापली. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. तिने हात केला, थांबव.

दुसऱ्या वेळी ती ‘प्रा’पर्यंत पोचली आणि तिथेच गोल गोल फिरत राहिली. क्षिप्राचे ओठ तिच्याही नकळत पुढची अक्षरं जुळवू लागले. प्राप्तीने ते पाहिलं. मोबाइल उचलून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

तिसऱ्या वेळी तिने हात केला नाही. अडलं तिथे अडू दिलं. डोळे उघडे ठेवले. मानेवरून घाम ओघळला, तो पुसला नाही. भिंतीवरच्या रंगाचे पोपडे बघत ती त्या एका अक्षरापाशी उभी राहिली, आणि नाव आलं. मग वडिलांचं, दामाजी. त्यालाही थोडं अडलं. भोईर झटक्यात आलं. लेख माझ्या आईवर आहे, हे तिने यावेळी जास्तीचं सांगितलं. घाई न करता, शेवटच्या शब्दापर्यंत.

क्षिप्राने तिच्याकडून मोबाइल हातात घेतला.

“तू आता निवांत घरी जा,” ती म्हणाली. “मी बसून मधल्या जागा कापते. सलग ऐकू येईल. कुणाला काही कळणारसुद्धा नाही.”

प्राप्ती सॅक उचलता उचलता थांबली. तिने तोंड उघडलं. शब्द आला नाही. क्षिप्रा गप्प उभी राहिली.

“कापू नकोस,” प्राप्ती शेवटी म्हणाली. “माझं नाव तेवढं लांबच आहे.”