हिसका

वायरमनकाकांना आता बायकोसुद्धा ओळखू येत नव्हती, पण हातांना सगळं पाठ होतं. म्हणून काकू रोज दुपारी त्यांच्यापुढे वायरचे तुकडे, टोकाला बसवायचे तांब्याचे लग आणि जुनी पक्कड ठेवायच्या. लग दाबून बसवायचं क्रिम्पिंगचं हत्यार काकांनी जन्मात वापरलं नव्हतं. तार सोलायची, पीळ द्यायचा, लगमध्ये सारून पक्कडीने आवळायचं आणि सुटतंय का ते हिसका देऊन बघायचं.

"आणखी वायर द्या ना, बाई."

"संपली हो," म्हणत काकूंनी रिकामा हात दाखवला. काकांनी तोच धरला आणि सवयीने जोरात हिसका दिला. काकूंनी त्यांची बोटं सोडली नाहीत.

काका खूश झाले. "पक्कं बसलंय! कुणी केलंय हो हे काम?"