जंगल आपल्या पिल्लांना कसं सांभाळतं

वाचनालयाचा कुटुंब-वाचनाचा दिवस अर्सलानबोब गावाजवळच्या अक्रोडबनात होता. उलान सगळ्यात जुन्या झाडाखाली ऐटीत बसला, मोबाइल समोर टेकवून व्हिडिओ सुरू केला आणि पुस्तकातलं ‘जंगल आपल्या पिल्लांना कसं सांभाळतं’ हे प्रकरण वाचू लागला. आवाज असा लावला होता, की जणू अख्खं जंगल यानेच वाढवलंय. चार वर्षांची लेक नुरिला शेजारी हवी, म्हणजे चित्र छान दिसतं, म्हणून तिलाही बसवून घेतलं होतं.

त्याची बायको बुरुल चहा ओतून वळली, तर नुरिला जागेवर नव्हती.

"अहो, पोरगी कुठंय?"

उलानने वाचता वाचताच ओठांवर बोट ठेवलं.

बुरुल लेकीच्या नावाने हाका मारत उतारावरून धावत सुटली. नुरिला खाली ओढ्याकाठी सापडली. एक बूट चिखलात गेला होता, रडून घसा बसला होता. तिला छातीशी धरून बुरुल धापा टाकत वर आली, तेव्हा कुठे उलानने पुस्तकातून मान वर केली.

"काय ओरडतेस गं, सगळा तुझाच आवाज आलाय यात. बसव तिला इथे, आता पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागणार."