थकव्याची वाटेकरीण

रेवतीचं पोहणं आणि सायकल संपली, तेव्हा तंबूत खुर्चीवर बसलेल्या कुमुदच्या मांड्या भरून आल्या होत्या. लेकीचा थकवा मनगटावरच्या पट्ट्यातून आईच्या अंगात उतरत होता. आता सगळेच स्पर्धक असा वाटेकरी आणत.

"काकू, घामानं निथळताय. बटण दाबा," शेजारच्या खुर्चीतले पेडणेकर म्हणाले. पट्ट्यावरचं बटण दाबलं की थकवा ज्याचा त्याला परत जाई. "मी तर तासाभरातच भाच्याला परत केला."

"तुम्ही अजून लहान आहात, पेडणेकर," कुमुद म्हणाली.

ती सदुसष्ट वर्षांची होती. तरुणपणी तिने सहा वेळा खाडी पोहून पार केली होती. तेव्हा दम लागला की ती वीस हात सावकाश मारायची आणि मग पुन्हा वेग घ्यायची. तंबूतल्या पडद्यावरची रेवती मात्र कुठेच सावकाश होत नव्हती. हसत धावत होती.

शेवटचे दोन किलोमीटर उरले असताना कुमुदच्या छातीत कळ आली. बटणावर गेलेलं बोट तिने मागे घेतलं. सकाळी रेवती म्हणाली होती, "आई, तू आहेस म्हणून मला भीती नाही."

मग एकाएकी सगळं थांबलं. मांड्या हलक्या झाल्या, श्वास मोकळा झाला.

"पोचली वाटतं," ती म्हणाली.

पेडणेकर पडद्याकडे बघत उभे राहिले होते. रेवती रस्त्यावर पालथी पडली होती आणि माणसं तिच्याकडे धावत होती.

कुमुदने पट्टा मनगटावर घट्ट आवळला आणि ती कुठेतरी दुखायला लागेल याची वाट बघत बसली.