टेकडी नसलेला नकाशा

ग्रंथालय सुटल्यावर बायकोला घरी यायला चाळीस मिनिटं का लागतात, हा प्रश्न नकाशे करणाऱ्या नवऱ्याला कुरतडत होता. त्यातून तिच्या तोंडी सदानकदा त्या नव्या, कुरळ्या केसांच्या ग्रंथपालाचं कौतुक! शेवटी ऑफिसातली विद्या त्याने घरावर चालवली. पंधरा दिवस खपून शहराचे दहा-दहा मीटरचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोन ओलांडायला किती वेळ लागतो ते भरलं आणि कॉम्प्युटरला सगळ्यात कमी वेळाची वाट विचारली. उत्तर आलं, अठरा मिनिटं. म्हणजे रोजची बावीस मिनिटं गायब! तेवढ्या वेळात ती कुठवर जाऊन येऊ शकते, तो भाग त्याने लाल रंगवला. कुरळ्याचं घर नेमकं लालात.

संध्याकाळी त्याने नकाशा तिच्या चहाच्या कपाशेजारी आपटला. "आता बोल."

तिने चष्मा लावून ती वाट बोटाने गिरवली. "अहो, ही टेकडीवरून जाते. यात चढ धरलाय का?"

त्याने नकाशा स्वतःकडे ओढून पाहिला. रागाच्या भरात चढ भरायचाच राहिला होता. टेकडी सपाट झाली होती.

"गुडघा सुजल्यापासून डॉक्टरांनी चढ बंद केलाय," ती म्हणाली. "टेकडीला वळसा घालून येते, लंगडत."

"मला सांगायचं नाही?"

"तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही ह्याच नकाशात डोकं घालून 'हं' म्हणालात."