धूसर विषाद

सिएनाच्या चर्चमधल्या जुन्या चित्रातला 'धूसर विषाद' हा प्रोफेसर बार्तालिनींच्या बावीस वर्षांच्या अभ्यासाचा विषय. त्यावरचं त्यांचं पुस्तक सोमवारी छापायला जाणार होतं. शनिवारी जुनी चित्रं दुरुस्त करणारी फियाम्मा शिडीवर चढून ते चित्र साफ करायला लागली. तिने ओल्या कापसाचा बोळा फिरवला, तर खालून पोपटी कुरण आणि गुलाबी गालांची, चक्क हसणारी माता मेरी निघाली.

"विषाद कसला, प्रोफेसर," ती वरूनच म्हणाली. "मेणबत्त्यांची काजळी आहे ही. घ्या, बघा."

प्रोफेसरांनी बोळा हातात घेतला, हुंगला आणि बराच वेळ निरखला.

"पाद्रीबाबांना विचारून ये, इथे मेणबत्त्या कुठलं घराणं लावायचं. पुस्तक बरोबर आहे. फक्त चित्रकाराचं नाव बदलावं लागेल."