रामकिशनच्या टँकरची बातमी

"रामकिशनला चोर कुनी केलं? तुमीच ना?"

गौरम्मा दारात उभी राहूनच म्हणाली. तिच्यामागे वाडीतल्या आणखी दोघी होत्या. उन्हातून आल्याने तिघींचे चेहरे लालबुंद झाले होते. सिद्धराम खुर्चीवरून उठला. उदगीरच्या केबलवर रोज संध्याकाळी सात वाजता तो अर्धा तास गावच्या बातम्या द्यायचा. गोळा करणारा तोच आणि वाचणाराही तोच.

"चोर म्हटलं नाही, अक्का. टँकरचं पाणी रस्त्यावर वाहतंय आन् ड्रायव्हर उभा राहून बघतोय. दिसलं ते दाखवलं."

"ठेकेदारानं त्येला घरी बसवलं. तीन दिस झाले, वाडीला टँकर न्हाई. दुसरा कुनी वाडीची चढन चढायला तयार न्हाई." गौरम्माची नजर खिडकीकडे गेली. 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असा कापडी फलक तिथे बांधलेला होता. "आमच्या वाडीनं लातूर जिल्ह्यातच राहायचा ठराव घेतला, म्हनून डूख धरलाव व्हय?"

"त्याचा याचा काही संबंध नाही," सिद्धराम म्हणाला. पण वाडीचा तो ठराव आपण बातम्यांत घेतला नव्हता, हे त्याला त्याच क्षणी आठवलं.

"मग समदं दाखवा. मी कुठं हाय त्यात?"

"तुम्ही?"

"मी गाडीतच होते की. डोळे दाखवून माघारी चालले होते."

सिद्धरामने कॉम्प्युटर लावला. ते चित्रण मोटारसायकलवरच्या कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं आणि पावणेसातला त्याच्याकडे पाठवलं होतं. एकूण अडीच मिनिटं. त्याने सुरुवातीची अकरा सेकंदं उचलली होती. पुढचं बघायला वेळच नव्हता.

तिघी त्याच्या खुर्चीमागे येऊन वाकल्या.

टँकरच्या मागून पाण्याचा लोट उसळत होता. कमरेवर हात ठेवून रामकिशन बघत होता. वाडीने, ठेकेदाराने, सगळ्यांनी पाहिलं होतं ते एवढंच. मग तो धावला. तुटलेल्या व्हॉल्व्हवर त्याने दोन्ही तळवे दाबले. पाण्याने त्याला मागे फेकलं. तो पुन्हा गेला. केबिनमधून गौरम्मा उतरली. हातातली पिशवी तिने रस्त्यावरच रिकामी केली, डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्या घरंगळत गेल्या, आणि पिशवीचा बोळा करून तिने त्याच्या हातात दिला. रामकिशन चिखलात आडवा झाला आणि खांद्याने तो बोळा दाबून धरू लागला. मग तोंडावरचं पाणी झटकत त्याने चित्रण करणाऱ्याकडे पाहून ओरडून सांगितलं, "अहो, त्यो फोन ठिवा खिशात! हात लावा!"

तिथे चित्रण संपलं.

सिद्धरामचा हात माउसवर तसाच राहिला होता.

"अक्का, हे मी बघितलंच नव्हतं."

"आता बघितलाव न्हवं?" एवढं म्हणून गौरम्मा दोघींना घेऊन निघून गेली.

दुपारी मल्लिकार्जुनअप्पांचा फोन आला. अप्पांचं कापडाचं दुकान होतं, केबलवर त्यांची जाहिरात असायची आणि जिल्ह्याच्या मागणीत ते सगळ्यांत पुढे होते. "उद्या मोर्चा आहे. आज पहिली बातमी त्याचीच."

"दुसरी घेतो, अप्पा. पहिली त्या वाडीची आहे."

"त्या वाडीची?" अप्पांनी विचारलं. "बघा बाबा तुमचं तुम्ही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सात वाजता सिद्धराम कॅमेऱ्यासमोर बसला. "टँकरचालक रामकिशन यांनी पाणी वाया घालवलं, असं आम्ही दाखवलं होतं. ते खोटं होतं. व्हॉल्व्ह तुटला होता. सगळं चित्रण माझ्याकडे होतं, पण मी ते पूर्ण पाहिलं नाही. चूक माझी आहे." मग त्याने पूर्ण अडीच मिनिटं दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅमेरा न घेता वाडीवर गेला. ठेकेदाराने रामकिशनला परत कामावर घेतलं होतं आणि टँकर आलेला होता. घागरींच्या रांगेपाशी रामकिशन पाइप धरून उभा होता. शिव्या खायची तयारी करूनच सिद्धराम पुढे झाला. रामकिशनने पाइप दुसऱ्याच्या हाती दिला, ओले हात पँटला पुसले आणि त्याचे दोन्ही हात धरले.

"माझी लेक घराबाहेर निघंना झाली होती. तुमच्या बातम्या संपल्या अन् वट्ट्यावर येऊन बसली. लई उपकार झाले."

"उपकार कसले? मीच तर केलं होतं ते."

"केलाव. पन सांगितलाव बी. मोठ्या च्यानलवर आलं असतं, तर आमी कुनाच्या दारात गेलो असतो?"

सिद्धरामला गौरम्मा आणि तिच्यासोबतच्या दोघी आठवल्या. त्या दुपारच्या उन्हात सात किलोमीटर चालत आल्या होत्या. त्याऐवजी रागाने घरची केबल काढून टाकली असती, तरी त्यांना कोण काय म्हणणार होतं?

त्या संध्याकाळी त्याने मोर्च्याची बातमी दिली. तिच्या पाठोपाठ वाडीचा ठराव वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. बातम्या संपल्या, तरी तो उठला नाही.

"आमच्या बातमीत चूक दिसली, तर सांगायला या. बसस्टँडच्या मागं, पिठाच्या गिरणीवर, पहिला मजला. दुपारी मी तिथंच असतो."

वाडीत टीव्हीसमोर बसलेली गौरम्मा शेजारणीकडे वळली.

"पत्ता कशाला सांगायलाय ह्यो? आपल्याला ठावं हाय की."