दाढेचं औषध

पाणबुड्या जयवंत तांडेल ऐंशी मीटर खोलीवरून नेहमीसारखा वाटेत न थांबता थेट बोटीवर आला आणि कोसळला. त्याचे पाय हलेनात.

बोटीची प्रमुख त्याचीच मोठी बहीण, हेमलता. तिने विचारलं, "तुझ्या रक्तात सोडलेले, नायट्रोजन खाणारे जिवाणू कुठे गेले?"

"दाढ ठणकत होती, ताई. अँटिबायोटिक घेतलं. सांगितलं असतं तर तू खाली सोडलं नसतंस."

औषधाने जिवाणू मेले होते आणि वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन पाय लुळे पडले होते. हवेच्या दाबाने बुडबुडे विरघळवणारा बोटीवरचा दाबकक्ष, जिवाणू आल्यापासून वीस वर्षांत कुणाला लागला नव्हता, त्यात दोरखंड कोंबले होते. सगळ्यांनी ते भराभर बाहेर फेकले. हेमलता भावासोबत आत शिरली. दाब चढला, तिचे कान ठणकले, तरी ती त्याच्या तळपायाला चिमटे काढत राहिली.

तिसऱ्या तासाला तो किंचाळला, "दुखतंय गं!"

हेमलताने डोळे पुसले आणि आणखी जोरात चिमटा काढला.